एका वर्षाच्या तबकड्या

या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, इतिहास, शेती आणि समाजकारण यांवर पुष्पे गुंफली जातात. त्या मानाने आजचा विषय हलका वाटेल. वर्षभरात जी गाणी निघाली त्यांतून आवडीची कोणती, ती कशी निवडावी आणि त्या निवडीला काही अर्थ आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. तथापि नवीन जालन्याच्या बाजारपेठेतून एखाद्या संध्याकाळी चालत गेले तर दुकानागणिक काही ना काही वाजत असते. वरात, मिरवणूक आणि पानाचे दुकान यांपैकी गाण्यावाचून काहीच चालत नाही. जी वस्तू माणूस रोज कानाने सेवन करतो तिच्याविषयी त्याने विचार करू नये, असे कोणते शास्त्र सांगते?

विलायतेत आणि अमेरिकेत या आवडीचा एक पंथच आहे. तिकडे ‘पॉवर पॉप’ नावाचा गाण्याचा एक प्रकार आहे. ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंड यांनी हा शब्द १९६७ साली आपल्या संगीताविषयी बोलताना वापरला. गिटार आणि ढोल जोरकस, चाल मात्र गोड. गाणे सुमारे तीन मिनिटांचे, आणि दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळून ध्रुपद असे उचलतात की ते एकदा ऐकून ओठावर बसते. बीटल्स मंडळी हे या पंथाचे आदिपुरुष. या प्रकाराचे चाहते वर्ष संपले की आपल्या आवडत्या अल्बमांची यादी करतात, एकमेकांना दाखवतात आणि तिच्यावरून कडाडून भांडतात. आम्हाला या भांडणाचे कौतुक वाटते. भांडायचे म्हणजे आधी नीट ऐकावे लागते.

आपल्याकडे असे काही होते काय, हे पाहण्यासाठी आधी तबकडी म्हणजे काय ते ध्यानात घेतले पाहिजे. जुनी तबकडी लाखेची. लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ, आणि तो जगाला पुरविण्यात आपला देश अग्रेसर होता. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे मावत. सुई आतल्या वर्तुळापाशी आली की गाणे संपलेच पाहिजे. कलकत्त्यास १९०२ च्या नोव्हेंबरात गौहरजान यांचे गाणे घेतले गेले तेव्हापासून पुढे पन्नास वर्षे आपल्या गायकांना ही अट पाळावी लागली. तासभर राग मांडणाऱ्या बुवांना ती जाचक वाटली असल्यास नवल नाही. परंतु या जाचातूनच एक नवा बांधा तयार झाला. सुरुवातीला वाद्यांचा छोटा तुकडा, मग मुखडा, मग दोन किंवा तीन अंतरे, मधे पुन्हा वाद्ये, आणि शेवटी मुखड्यावर विसावा. आपले भावगीत याच बांध्याचे. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे असलेल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तबकडीवर आली आणि मराठी भावगीताच्या तबकड्यांचा ओघ सुरू झाला. मेहकरच्या रानातली शीळ गावोगावच्या घरांत वाजली ती या साडेतीन मिनिटांच्या अटीत बसून.

‘अल्बम’ हा शब्दही याच जमान्यातला. छायाचित्रांचा असतो तसा जाड पुठ्ठ्याचा एक ग्रंथ, त्यात कागदी खिसे, आणि प्रत्येक खिशात एक तबकडी. अशा ग्रंथाला तिकडे अल्बम म्हणत. पुढे १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे चालणारी तबकडी निघाली. पूर्वी संपूर्ण ग्रंथात जे मावे ते एका तबकडीत मावू लागले; ग्रंथ गेला, नाव राहिले. आपल्याकडे या मोठ्या तबकड्या सर्वसामान्यांच्या घरी पोचण्यास बराच काळ लागला. तोवर आपला खरा अल्बम कोणता? आमच्या मते तो चित्रपट. एका नावाखाली, एका संगीतकाराने, बहुधा एका कवीच्या शब्दांवर बांधलेली आठ-दहा गाणी. तबकड्या मात्र सुट्या. शौकीन माणूस त्या एकेक करून जमवी. म्हणून आमच्या निवडीत भावगीते घेतलेली नाहीत. ती एकेक येत, घरातल्या पाहुण्यासारखी. त्यांचा हिशेब स्वतंत्र करावा लागेल.

आता वार्षिक यादीकडे. भारतात यादीची गोडी लावली ती ‘बिनाका गीतमाले’ने. तिचा जन्म एका विरोधातून झाला. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झाले डॉ. बा. वि. केसकर. हे पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. चित्रपटगीतांनी लोकांचा कान बिघडतो असे त्यांचे मत, आणि त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्याने काय केले? त्याने काटा फिरवला आणि सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी यांचा आवाज बुधवारच्या रात्रीचा मालक झाला. आकाशवाणीने शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढून हातचे गेलेले श्रोते परत बोलावले. केसकरांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, कान तयार करावा लागतो ही त्यांची समजूत खोटी नव्हती, आणि शास्त्रीय संगीताला आकाशवाणीने त्या काळात दिलेला आधार मोठा होता. परंतु ताटातली चटणी काढून घेतल्याने कोणी वरण-भात अधिक आवडीने खातो असा अनुभव नाही.

गीतमालेची क्रमवारी ठरे ती मुख्यतः तबकड्यांच्या खपावरून आणि श्रोत्यांच्या पत्रांवरून. पुढे गावोगावच्या श्रोतासंघांचे मतही घेतले जाऊ लागले. वर्षअखेरीस वार्षिक माळ गुंफली जाई. १९५३ च्या माळेत पहिले आले ते ‘अनारकली’ चित्रपटातले लताबाईंचे गीत, आणि त्याचे संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्यास १९१८ साली जन्मलेले. या गृहस्थांकडे आपल्याला लवकरच परत यायचे आहे.

खपावर विसंबण्यात एक मौजेची अडचण होती, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तबकडीला दोन बाजू. एका बाजूला एक गाणे, पाठीवर दुसरे. गिऱ्हाइकाने तबकडी घेतली ती कोणत्या बाजूसाठी? दुकानदाराच्या वहीत फक्त ‘एक नग’ एवढीच नोंद. कित्येक चांगली गाणी पाठीवर बसून नदी ओलांडून गेली, आणि कित्येकांचा खप त्यांच्या पाठच्या भावंडाच्या नावे जमा झाला. आजच्या यंत्रांनी ही अडचण सोडविली असे म्हणतात. मोबाईलवर गाणी पुरविणाऱ्या कंपन्या डिसेंबरात आपल्यालाच आपल्या आवडीची यादी पाठवतात: तुम्ही हे गाणे इतके वेळा ऐकले, म्हणून हे तुमचे सर्वांत आवडते. यांतील मोठ्या सेवांच्या हिशेबात गाणे तीस सेकंद वाजले की एकदा ऐकले असे धरतात. परंतु वाजणे आणि आवडणे यांत अंतर आहे. घरातल्या लेकराला झोपविण्यासाठी एकच गाणे वर्षभर दोनशे वेळा लावणाऱ्या बापाला विचारा. उलट एखादे गाणे माणूस वर्षात चारदाच ऐकतो, कारण ते ऐकल्यावर दुसरे काम सुचत नाही. यंत्राच्या लेखी हे चार म्हणजे चार.

यासाठी आम्ही एक साधी रीत पाळतो. एक वही ठेवावी. नवा अल्बम ऐकला की त्या दिवशी फक्त नाव आणि तारीख लिहावी. मत लिहू नये. महिन्याने पुन्हा संपूर्ण ऐकावा, लावला आहे त्याच क्रमाने, मधली गाणी न गाळता, आणि तेव्हा मत लिहावे. पहिल्या ऐकण्यात झगमगाट दिसतो. चाल टिकाऊ आहे की नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस कळते. आणि वर्ष मोजावे ते पाडव्यापासून. यात परंपरेचा अभिमान आहे म्हणून आम्ही सांगत नाही. जानेवारीत यादी करणारा माणूस डिसेंबरात आलेल्या गाण्यांना एकतर फार देतो, कारण ती ताजी असतात, किंवा काहीच देत नाही, कारण ती त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसतात. मुंबईत निघालेली वस्तू जालन्यास येण्यास एके काळी आठवडे लागत. पाडव्याच्या हिशेबाने डिसेंबरच्या फळाला पिकायला तीन महिने मिळतात.

ही रीत चालवून दाखविण्यासाठी एक वर्ष घेतो: १९५१. हे निवडण्याचे कारण असे की तेव्हा गीतमाला सुरू झालेली नव्हती. त्या वर्षाची क्रमवारी आपल्यावर कोणी लादलेली नाही. मैदान मोकळे आहे. आणि ते वर्ष असे की, एका ताटात इतके पदार्थ क्वचितच वाढले जातात.

आमच्या मते पहिला मान ‘अलबेला’चा. चित्रपट भगवान यांचा. भगवान आबाजी पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र. तोवर मारधाडीचे स्वस्त चित्रपट काढणारे म्हणून प्रसिद्ध. गिरणगावचा प्रेक्षक हा त्यांचा प्रेक्षक. कथा म्हणाल तर रंगभूमीवर जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या एका गरीब, घरातून घालवून दिलेल्या तरुणाची. कथेसाठी आज कोणी तो चित्रपट पाहत असेल असे वाटत नाही. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, संगीत सी. रामचंद्रांचे, आणि भगवानसाठी आवाजही त्यांनीच दिला, ‘चितळकर’ या नावाने. समोर लताबाई. दहाहून अधिक गाणी, आणि त्यांत टाकाऊ शोधून काढण्यास प्रयास पडतात.

या गाण्यांत काय आहे? त्यापूर्वी चार वर्षे, १९४७ साली, ‘शहनाई’ चित्रपटात सी. रामचंद्रांनी गिटार, माउथऑर्गन आणि शीळ यांच्या साथीने ‘आना मेरी जान’ हे गाणे बांधले होते आणि सोवळ्या मंडळींनी कानांवर हात ठेवले होते. ‘अलबेला’त त्यांनी तो प्रयोग पक्का केला. ‘शोला जो भडके’ या गाण्यात बाँगोचा ठेका, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांचा मेळ आहे. थाट सगळा हवाई बेटांचा. या कामी त्यांना मोठे साहाय्य झाले ते गोमंतकीय वादकांचे. त्यांत अग्रणी चिक चॉकलेट. हे टोपणनाव; खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ, बार्देशातील हळदोण्याचे. मुंबईच्या हॉटेलांत रात्री पाश्चात्त्य नाचाची धून वाजवणारा हा ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेला गोव्याचा वादक आणि नगर जिल्ह्यातून आलेला, हार्मोनियमवर बसून चाल बांधणारा मराठी संगीतकार: या दोघांच्या मधल्या जागेत हे गाणे जन्मले. चाल पुसून केवळ वाद्ये ऐका, ती कोणत्याही परदेशी नाचघरातली वाटतील. वाद्ये बाजूला ठेवून चाल गुणगुणा, ती सरळ आपल्या तमाशाच्या आणि मेळ्याच्या अंगणातली आहे. विलायतेतल्या ‘पॉवर पॉप’ मंडळींनी जोर आणि गोडवा यांची जी सांगड १९६७ च्या सुमारास नाव देऊन मिरविली, ती आपल्याकडे सोळा वर्षे आधी नावावाचून नांदत होती. याच संगीतकाराने पुढे १९५७ साली ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ बांधून रॉक अँड रोलचा ठेकाही आणला.

एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. आपल्या वरातीतल्या बँडात ट्रंपेट आणि क्लॅरिनेट ही मुख्य वाद्ये. जी गाणी मुळात याच वाद्यांसाठी रचली गेली ती बँडवाल्याच्या हाती गेली तरी मरत नाहीत. नाजूक गझल वरातीत नेली तर तिचे हाल कुत्रा खात नाही; ‘अलबेला’चे गाणे नेले तर ते घरी आल्यासारखे वागते. आमच्या मते सत्तर वर्षांवर ते टिकण्याचे हे एक कारण आहे. आणि याच चित्रपटात लताबाईंची ती अंगाईही आहे, निद्रेला हळूच बोलावणारी. एवढा दंगा आणि एवढी शांतता एका अल्बमात शेजारी बसली आहेत, यासाठी आम्ही त्याला वरचा पाट देतो. भगवानदादांचे वैभव पुढे ओसरले आणि ते २००२ साली वारले. त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट २०१६ साली निघाला.

दुसरा मान ‘अमर भूपाळी’चा. व्ही. शांताराम यांचा चित्रपट, संगीत वसंत देसाई यांचे, नायक शाहीर होनाजी बाळा. पंडितराव नगरकर आणि लताबाई यांची भूपाळी इतकी घरोघर गेली की ती चित्रपटातील आहे हे अनेकांच्या गावीही नसते. पहाटेच्या नभोवाणीची ती जणू मालमत्ता झाली. तिच्या शेजारी होनाजीची लावणी ठेवून पाहा. देवघर आणि फड हे एकाच शाहिराच्या घरचे दोन ओसरे होते, हे त्या दोन गाण्यांतून जसे कळते तसे पुष्कळ पुस्तके वाचून कळत नाही. १९५२ च्या कान महोत्सवात या चित्रपटाच्या ध्वनीची तांत्रिक पारितोषिकाने दखल घेतली गेली. काही मित्र आम्हास विचारतात की मराठी माणूस असून तुम्ही याला पहिला क्रमांक का देत नाही. उत्तर एवढेच की यातली दोन-तीन गाणी आम्हास अद्वितीय वाटतात, बाकीची चित्रपटाबाहेर आल्यावर जराशी पोरकी होतात. अल्बम म्हणून जोखायचे तर बाकीच्यांनाही उभे राहता आले पाहिजे.

तिसरा ‘बाझी’. गुरुदत्त यांचे पहिले दिग्दर्शन, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, साहिर यांचे शब्द. यातल्या एका गाण्याची हकीगत प्रत्येक शौकिनाने ध्यानात ठेवावी. साहिरांनी लिहिली गझल, नशिबाशी झगडण्याविषयीची; गझल म्हटली की संथ, भारदस्त चाल यावी अशी सर्वांची अपेक्षा. बर्मनदांनी ती घेऊन क्लबातल्या गिटारच्या ठेक्यावर बसवली आणि गीता रॉय यांच्या खट्याळ आवाजात म्हणवून घेतली. उपदेशाचे शब्द आणि मोहात पाडणारी चाल! शब्दांची अप्रतिष्ठा झाली असे म्हणणारे म्हणोत. आम्हास वाटते की उपदेश गळी उतरविण्याची इतकी गोड रीत दुसरी नसेल.

अनिल विश्वास यांचा ‘तराना’ चौथा. तो ज्याने ऐकला नाही त्याने तलत आणि लता यांच्या द्वंद्वगीतापासून आरंभ करावा. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण त्याची गोडी सांगण्याने कमी होते.

येथवर यादी वाचून कोणी म्हणेल, ‘आवारा’ कोठे गेला? शंकर-जयकिशन यांची ती गाणी सोव्हिएत रशियापर्यंत गेली, गल्लीतल्या पोराला पाठ होती. पण हा चित्रपट प्रदर्शित झाला १९५१ च्या डिसेंबराच्या मध्यावर. गाणी जालन्यासारख्या गावात मुरली ती पुढच्या उन्हाळ्याच्या लग्नसराईत. पंचांगातल्या वर्षाप्रमाणे तो १९५१ चा, कानाच्या वर्षाप्रमाणे १९५२ चा. आमच्या वहीत तो पुढल्या पानावर आहे.

यादीला अर्थ काय, हा प्रश्न आरंभी टाकला होता. त्याविषयी अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. मेम्फिस शहरातील ‘बिग स्टार’ नावाच्या चार तरुणांच्या वृंदाने १९७२ साली आपली पहिली मोठी तबकडी काढली. नाव मोठ्या ऐटीने ठेवले ‘नंबर वन रेकॉर्ड’. समीक्षकांनी वाखाणली, परंतु वितरणाचा असा घोळ झाला की स्तुती वाचून दुकानात गेलेल्या माणसाला तबकडी मिळेना. खप काही हजारांपुढे गेला नाही, आणि दोन-तीन वर्षांत वृंद मोडला. ज्या थोड्या लोकांच्या हाती ती पडली त्यांनी मात्र ती सोडली नाही. त्यांनी ती आपल्या यादीत ठेवली, मित्रांना ऐकवली. त्यांपैकी काही पुढे स्वतः नामवंत गायक-वादक झाले. आज ‘पॉवर पॉप’च्या अनेक याद्यांत ती तबकडी वरच्या जागी असते. खपाच्या वहीने तिला बुडविले होते. शौकिनांच्या वहीने तिला तारले.

आपल्याकडे हे काम आणखी निकडीचे आहे. बिग स्टारची तबकडी निदान अमेरिकेत जपून ठेवली गेली. आपल्या लाखेच्या तबकड्या पडल्या की फुटतात. कित्येक माळ्यावरून भंगारात गेल्या. मराठी गाण्यांच्या पुढच्या पिढीतल्या ध्वनिफितींची दशा तर त्याहून वाईट: ओल आणि उष्मा यांनी फीत चिकटते. मराठवाड्यातल्या भीमगीतांच्या, भारुडांच्या, कव्वालीच्या थाटाने म्हटलेल्या गाण्यांच्या असंख्य ध्वनिफिती १९८० नंतरच्या काळात स्थानिक बाजारात विकल्या गेल्या. त्यांची गणती मोठ्या शहरातल्या याद्यांत झाली नाही. त्यांतली कोणती चांगली होती हे सांगू शकतात ती या गावची, या पेठेतली माणसे. ज्यांच्या घरी अशी ध्वनिफीत असेल त्यांनी तिच्यावरचे गायकाचे, गीतकाराचे आणि काढणाऱ्याचे नाव आधी वहीत उतरवून घ्यावे. गाणे पुढे मोबाईलवर कोठूनही येईल. वेष्टनावरची नावे त्याच्याबरोबर बहुधा येत नाहीत.

मोठ्या तबकडीचे पुरे सामर्थ्य मराठीत कोणी वापरले, असे विचाराल तर आम्ही ‘शिवकल्याण राजा’ दाखवू. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली त्या १९७४ साली हृदयनाथ मंगेशकर आणि लताबाईंनी ती केली. मधले निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. समर्थ रामदास, कविभूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे निरनिराळ्या शतकांतले कवी एका धाग्यात ओवले आहेत. समर्थ हे आपल्या घनसावंगी तालुक्यातील जांबचे. त्यांचे शब्द लताबाईंच्या आवाजात ऐकताना येथला माणूस जरा ताठ बसतो. ही तबकडी तुकड्यातुकड्यांनी ऐकू नये. आणि तिच्या पलीकडच्या टोकाला ‘गारवा’ ठेवावा: मिलिंद इंगळे यांचा, १९९८ चा. सौमित्र यांच्या कवितेचे वाचन आणि मग गिटारच्या साथीचे गाणे. तोही गाण्यांचा क्रम मोडला तर निम्मा उरतो. एका आषाढात तो संपूर्ण ऐकून पाहावा, वीज गेली असेल तर अधिकच बरे.

आता वहीचे पुढचे पान. १९५२ च्या पाडव्यानंतर तेथे ‘आवारा’ आधीच येऊन बसलेला आहे, आणि त्याच वर्षी नौशाद यांचा ‘बैजू बावरा’ निघतो: सगळा रागदारीवर बेतलेला, केसकरसाहेबांनाही ज्यावर आक्षेप घेणे जड जावे असा. दोन्ही अल्बम समोरासमोर. पैकी पहिला कोण, यावर आमच्या घरातच अद्याप एकमत नाही.